‘इन्हेरिट द विंड’ हें नाटक व डेटनच्या खटल्याचे अस्सल कागद

रंगभूमीवर आलेल्या नाटकांचें परीक्षण करण्याचा संशोधनविषयक नियतकालिकांचा प्रघात नाहीं, व तो पाडावा असें आम्हांसही वाटत नाहीं. नाटककारास कल्पनेची मोकळीक असते. तिचा हिशेब संशोधकानें मागूं नये. परंतु एखादें नाटकच इतिहासाच्या जागीं जाऊन बसलें, शाळाशाळांतून तेंच वाचलें जाऊं लागलें, आणि संपादक व वक्ते तेंच प्रमाण धरून बोलूं लागले, म्हणजे त्याची तपासणी करणें भाग पडतें. जेरोम लॉरेन्स व रॉबर्ट ई. ली या जोडीचें ‘इन्हेरिट द विंड’ हें अमेरिकन नाटक या कोटींतलें आहे. १० जानेवारी १९५५ रोजीं डॅलस येथें त्याचा पहिला प्रयोग झाला, त्याच वर्षीं एप्रिलांत तें न्यूयॉर्कास आलें, आणि १९६० सालीं स्टॅन्ली क्रेमर यांनीं त्याचा चित्रपट केला. टेनेसी संस्थानांतील डेटन या लहानशा गांवीं जुलै १९२५ मध्यें उत्क्रांतितत्त्व शाळेंत शिकविल्याबद्दल एका शिक्षकावर जो खटला चालला, त्याची हकीकत आज जगभर जी सांगितली जाते ती बहुतांशीं या नाटकाची आहे. त्या खटल्याची नव्हे.

प्रथम साधनांविषयीं. खटल्याचें कामकाज लघुलेखकांनीं शब्दशः उतरून घेतलें होतें व तें १९२५ सालींच सिनसिनाटी येथें ग्रंथरूपानें छापून निघालें. नाटककारांसमोर हें साधन होतें. कित्येक प्रश्नोत्तरें त्यांतून फारसा फेर न करतां उचललेलीं दिसतात. याखेरीज टेनेसीच्या वरिष्ठ न्यायालयाचा १९२७ चा निकाल आहे, आरोपी जॉन टी. स्कोप्स याची १९६७ सालीं प्रसिद्ध झालेली आत्मकथा आहे, आणि या सर्वांची छाननी करून एडवर्ड लार्सन यांनीं १९९७ सालीं लिहिलेला ग्रंथ आहे. त्यास पुढील वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. म्हणजे साधनांची वाण आहे असें म्हणण्यास जागा नाहीं. पानिपतासंबंधानें राजवाड्यांनीं १८९८ च्या आपल्या पहिल्या खंडांत बखरी एकीकडे व पत्रें दुसरीकडे ठेवून जी झाडाझडती घेतली, तीच रीत येथें लावून पाहण्यासारखी आहे.

पहिल्याच प्रवेशांत केट्स हा तरुण शिक्षक आपणांस तुरुंगांत अडकलेला दिसतो. गांव त्याच्यावर उलटलेलें, धर्मोपदेशक शाप देण्यास सज्ज, आणि त्या धर्मोपदेशकाचीच मुलगी त्याची वाग्दत्त वधू. यांतील एकही गोष्ट कागदांत नाहीं. कागद सांगतात तें असें. जॉन वॉशिंग्टन बटलर या शेतकरी सभासदानें आणलेलें विधेयक टेनेसीच्या खालच्या सभागृहांत ७१ विरुद्ध ५ व वरच्या सभागृहांत २४ विरुद्ध ६ मतांनीं मंजूर झालें, आणि २१ मार्च १९२५ रोजीं गव्हर्नर ऑस्टिन पे यांनीं त्यावर सही केली. बायबलांत सांगितलेली मनुष्याची ईश्वरनिर्मिति नाकारणारी व मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उपजला असें म्हणणारी उपपत्ति सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेंत शिकविणें हा त्यानें गुन्हा ठरविला. शिक्षा १०० ते ५०० डॉलर दंड. तुरुंगाचा त्यांत उल्लेखच नाहीं, व स्कोप्सनें एक रात्रही तुरुंगांत काढली नाहीं. कायदा कसोटीस लावावा म्हणून न्यूयॉर्क येथील नागरिक स्वातंत्र्य संघानें चॅटनूगाच्या वृत्तपत्रांत जाहीर आवाहन छापलें: जो शिक्षक पुढें येईल त्याचा खर्च आम्ही सोसूं. तें वाचून डेटनांतील एका खाणकंपनीचा व्यवस्थापक जॉर्ज रॅपलये व गांवची चार प्रतिष्ठित मंडळी रॉबिन्सन यांच्या औषधांच्या दुकानांत जमलीं. खटला आपल्याच गांवीं झाला तर गांवाचें नांव होईल, गिऱ्हाइकी वाढेल, हा हेतु त्यांनीं लपविलाही नाहीं. स्कोप्सला टेनिसच्या खेळावरून बोलावून आणण्यांत आलें व तो कबूल झाला. ज्या वकीलबंधूंनीं त्याच्यावर फिर्याद चालविण्याचें पत्करलें ते त्याचे स्नेही होते. दुकानाचे मालक रॉबिन्सन हे स्थानिक शाळामंडळाचे अध्यक्ष. आणि ज्या पुस्तकावरून गुन्हा घडला म्हणावयाचा तें त्यांच्याच दुकानांत विकत मिळत असे! इतका रंगतदार प्रवेश कागदांत तयार असतां नाटककारांनीं तो सोडून दिला. कारण उघड आहे. ज्या गांवानें स्वतःहून खटला मागवून घेतला त्याला छळवादी ठरविणें कठीण.

स्कोप्सविषयीं आणखी एक बारकावा. तो शाळेंत खेळांचा व सामान्य विज्ञानाचा शिक्षक होता. जीवशास्त्र त्यानें केवळ बदली म्हणून कांहीं दिवस घेतलें. त्या दिवसांत उत्क्रांतीचा धडा आपण खरोखर शिकविला कीं नाहीं याची आपल्यालाच खात्री नाहीं, असें त्यानें पुढें आत्मकथेंत नमूद केलें आहे. खटल्यांत त्याची साक्ष झाली नाहीं. झाली असती तर हा घोटाळा उघडा पडता. नाटकांतला केट्स मात्र स्वतःच्या विचारानें कायद्यापुढें उभा राहिलेला वीर आहे.

पात्रांची निवडही पाहण्यासारखी आहे. आरोपीच्या बाजूस क्लॅरेन्स डॅरो एकटे नव्हते. घटनेचा मुद्दा आर्थर गारफील्ड हेज यांनीं मांडला, आणि १६ जुलैच्या दिवशीं शास्त्रज्ञांच्या साक्षी घ्याव्यात म्हणून डडली फील्ड मेलोन यांनीं जें भाषण केलें तें खटल्यांतील सर्वांत प्रभावी भाषण म्हणून त्या वेळीं गाजलें. टाळ्या त्यांनाच अधिक पडल्या. फिर्यादीचें कामही वस्तुतः टॉम स्टुअर्ट या सरकारी वकिलानें चालविलें, आणि कायद्याच्या दृष्टीनें त्यानें तें चोख चालविलें: कायदा शहाणपणाचा आहे कीं नाहीं हा प्रश्न न्यायालयापुढें नसून आरोपीनें तो मोडला कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे, हें त्यानें शेवटपर्यंत सोडलें नाहीं, व न्यायाधीश रॉल्स्टन यांनीं शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्यूरीपुढें येऊं दिल्या नाहींत त्या याच आधारावर. नाटकांत मेलोन व हेज गळाले, स्टुअर्ट कोपऱ्यांत गेला, आणि डॅरो व विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचें द्वंद्वयुद्ध तेवढें उरलें. वृत्तपत्रकार मेंकेन यांच्यावरून घेतलेला हॉर्नबेक नाटकांत अखेरपर्यंत हजर राहून तिरकस शेरे मारतो. खरे मेंकेन तर ब्रायन यांची तपासणी होण्यापूर्वींच डेटन सोडून गेले होते.

ती तपासणी हा नाटकाचा प्राण आहे, म्हणून तिच्यापाशीं जरा थांबतों. २० जुलै रोजीं न्यायालय उकाड्यामुळें व गर्दीनें इमारत खचेल या भीतीनें बाहेर हिरवळीवर भरलें होतें. बायबलाचे जाणकार म्हणून ब्रायन यांनाच साक्षीस बोलवावें अशी मागणी आरोपीच्या बाजूनें झाली; स्टुअर्टनें हरकत घेतली; ब्रायन मात्र आपण होऊन उभे राहिले. ज्यूरी तेथें नव्हती. डॅरो यांनीं जोनाचा मासा, जोशुआनें थांबविलेला सूर्य, केनची बायको यांविषयीं प्रश्न विचारले, व ब्रायन यांची पुष्कळ ठिकाणीं त्रेधा उडाली हें नाकारतां येत नाहीं. परंतु नाटकांत निर्मितीचे दिवस चोवीस तासांचे नसतील ही कबुली ड्रमंड युक्तीनें ब्रेडीच्या तोंडून ओढून काढतो व तेथेंच ब्रेडी ढासळतो. कागदांत मात्र ब्रायन ती गोष्ट सहज मान्य करतात, कारण ते दिवस म्हणजे दीर्घ काळ असावेत हें त्यांचें पूर्वीपासूनचेंच मत होतें. ज्यांनीं यावरून त्यांस दूषण दिलें ते त्यांचेच अधिक कडवे अनुयायी होत. ईश्वर आपल्याशीं बोलतो असा जो दावा नाटकांतला ब्रेडी करतो, त्याला कागदांत आधार नाहीं. दुसऱ्या दिवशीं न्यायाधीशांनीं ही सबंध साक्ष नोंदींतून काढून टाकली. खटल्याच्या निकालावर तिचा कणभरही परिणाम झाला नाहीं, होणें शक्यही नव्हतें. आणि ज्या दृश्यासाठीं प्रेक्षक नाटकास जातात तें कायद्याच्या दृष्टीनें घडलेंच नाहीं.

निकालानंतर ब्रेडी भर न्यायालयांत, कोणी न ऐकणारें भाषण करतां करतां कोसळतो व मरतो. खरे ब्रायन निकालानंतर पांच दिवसांनीं, रविवार २६ जुलै रोजीं, डेटन येथें दुपारच्या झोपेंत वारले. त्यांचें समारोपाचें भाषण झालें नाहीं तें डॅरो यांच्या डावपेंचामुळें: अपीलाचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून आरोपीस दोषी ठरवावें अशी विनंति त्यांनीं स्वतःच ज्यूरीस केली, व त्यामुळें दोन्ही पक्षांचीं शेवटचीं भाषणें टळलीं. ज्यूरीस निर्णयास नऊ मिनिटें लागलीं. शंभर डॉलर हा दंड अगदींच थोडा म्हणून नाटकांतला ब्रेडी संतापतो. यासारखा अन्याय दुसरा नाहीं. कायद्यांत दंडाचें कलमच नसावें असें ब्रायन यांचें मत होतें, आणि स्कोप्सला दंड झाल्यास तो आपण भरूं असें त्यांनीं म्हटलें होतें.

ब्रायन यांचा पक्ष घेण्याचा आमचा हेतु नाहीं. उत्क्रांतितत्त्वाच्या बाबतींत ते चुकले होते, आणि बहुमतानें निवडून आलेलें विधिमंडळ सांगेल तेंच शास्त्र शाळेंत शिकवावें हें त्यांचें म्हणणें आम्हांस घातक वाटतें. परंतु हाच मनुष्य १८९६, १९०० व १९०८ असा तीनदां अध्यक्षपदासाठीं उभा राहिला तो शेतकऱ्यांचा व कष्टकऱ्यांचा पुढारी म्हणून. १८९६ सालीं खुद्द डॅरो त्याच्या बाजूस होते, व एवढी गोष्ट नाटकानें राखली आहे. १९१५ सालीं युद्धाकडे झुकणारें धोरण न पटल्यामुळें त्यानें परराष्ट्रमंत्रिपद सोडलें. आपल्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, १९०६ सालीं हिंदुस्थानचा प्रवास केल्यावर इंग्रजी राज्यकारभारावर झणझणीत टीका करणारा निबंध याच ब्रायननें लिहिला, व आपल्या स्वातंत्र्यवाद्यांनीं तो आवडीनें पसरविला. अशा मनुष्याला डार्विनचा एवढा तिटकारा कां यावा? बायबल हें एक कारण झालें. दुसरें कारण असें कीं, बलवानानें दुर्बळास चिरडावें याला शास्त्राचा आधार आहे, अशी भाषा त्यानें महायुद्धाच्या काळांत जर्मन सेनापतींच्या तोंडीं व घरच्या भांडवलदारांच्या तोंडीं ऐकली होती, आणि ती डार्विनपासून निघाली अशी त्याची समजूत झाली होती.

आणि ज्या पाठ्यपुस्तकावरून हा खटला झाला तें तरी कसें होतें? जॉर्ज विल्यम हंटर यांचें १९१४ चें ‘सिव्हिक बायॉलॉजी’ टेनेसीनें स्वतःच शाळांना लावून दिलेलें होतें. म्हणजे एक सरकारी हुकूम तें शिकवा म्हणे, दुसरा शिकवूं नका म्हणे. त्यांत उत्क्रांतीचीं पानें थोडीं आहेत. ब्रायन यांनीं न्यायालयांत त्यांतील एक आकृति उंचावून दाखविली. तींत मनुष्याला साडेतीन हजार सस्तन प्राण्यांच्या एकाच वर्तुळांत कोंबलें आहे अशी त्यांची थट्टा होती, आणि लोक हंसले. पण त्याच पुस्तकांत मानवजातीचे पांच वंश सांगून गोऱ्यांना सर्वांत वरचें स्थान दिलें आहे, आणि वेडसर व गुन्हेगार कुटुंबांना समाजावर पोसलेलीं बांडगुळें म्हणून त्यांची वाढ खुंटविण्याचे उपाय सुचविले आहेत. शास्त्राच्या नांवाखालीं छापलेल्या या मजकुराविरुद्ध खटल्यांत कोणत्याही वकिलानें अवाक्षर काढलें नाहीं. नाटकांत या पुस्तकाचें केवळ नांव येतें. तेथें थेट डार्विनचा ग्रंथच हातीं दिला आहे. शेवटीं ड्रमंड बायबल व डार्विन दोन्ही तोलून एकत्र पिशवींत ठेवतो. दृश्य सुंदर आहे. हंटरचें पुस्तक हातीं असतें तर तें इतक्या सहजासहजीं तोललें गेलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

नाटककारांना मात्र न्याय दिला पाहिजे. हा इतिहास नव्हे असें त्यांनीं प्रस्तावनेंतच सांगून ठेवलें आहे, पात्रांचीं व गांवाचीं नांवें बदललीं आहेत, आणि काळही मोघम ठेवला आहे. त्यांच्या डोळ्यांपुढें १९२५ चें डेटन नव्हतेंच. सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशांनीं विचारवंतांचीं तोंडें बंद केलीं होतीं, त्या दिवसांवर त्यांना बोलावयाचें होतें. या दृष्टीनें नाटक हें १९५५ चें अस्सल साधन आहे. बखरीचेंही असेंच असतें: ती ज्या प्रसंगाचें वर्णन करते त्याच्याविषयीं ती लटकी पडली तरी ज्या काळांत ती लिहिली गेली त्याच्याविषयीं पुष्कळ सांगते. दोष लिहिणाराचा थोडा व वाचणाराचा अधिक.

पण या वाचनानें जी हानि झाली ती लहान नाहीं. नाटक पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाची समजूत अशी होते कीं, डेटन येथें अज्ञानाचा पराभव झाला. कागद उलट सांगतात. टेनेसीच्या वरिष्ठ न्यायालयानें जानेवारी १९२७ मध्यें कायदा वैध ठरविला. सरकार हें धनी आहे, शिक्षक त्याचा चाकर आहे, आणि चाकरानें काय काम करावें हें धन्यानें ठरवावें, हा त्या निकालाचा गाभा. स्कोप्स सुटला तो केवळ एका तांत्रिक चुकीवर: त्या संस्थानच्या घटनेप्रमाणें पन्नास डॉलरवरचा दंड ज्यूरीनें ठरवावा लागे, आणि येथें तो न्यायाधीशानें ठरविला होता. फिर्यादच मागें घ्यावी असें न्यायालयानें सुचविलें व त्यामुळें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची वाट बंद झाली. मिसिसिपीनें १९२६ मध्यें तसाच कायदा केला, आर्कान्सासनें १९२८ मध्यें थेट लोकमत घेऊन केला. पुस्तकांचे प्रकाशक तर कायद्यांचीही वाट पाहत बसले नाहींत. हंटरच्या १९२६ च्या नव्या आवृत्तींतून ‘उत्क्रांति’ हा शब्दच नाहींसा झाला, व पुढें तीसएक वर्षें बहुतेक शालेय पुस्तकांत हा विषय दबून राहिला. गाळलेल्या प्रकरणावर खटला भरतां येत नाहीं. आपल्याकडे २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेनें अभ्यासाचें ओझें कमी करण्याचें कारण सांगून दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग वगळला. बारावीला जीवशास्त्र घेणारांपुरता तो राहिला. शेंकडों शास्त्रज्ञांनीं निषेधपत्र काढलें. तेथेंही कायदा नव्हता, आरोपी नव्हता, नाटक लिहावें असें कांहींच नव्हतें.

खरे निकाल लागले ते पुढें, व त्यांत रंगभूमीस उपयोगी असें फारसें नाहीं. १९५७ सालीं रशियाचा कृत्रिम उपग्रह उडाल्यावर अमेरिकेस आपल्या विज्ञानशिक्षणाची लाज वाटूं लागली. नवीं पुस्तकें निघालीं. आणि १९६५ च्या वर्षास लिटल रॉकच्या शाळांत उत्क्रांतीचें प्रकरण असलेलें पुस्तक लागलें. तें शिकवावें तर कायदा मोडतो, न शिकवावें तर नोकरीचें काम होत नाहीं, अशा पेंचांत पडलेल्या सूसन एपर्सन या शिक्षिकेनें दावा लावला. आर्कान्सासच्या वरिष्ठ न्यायालयानें तो दोन वाक्यांत निकालांत काढला. परंतु १२ नोव्हेंबर १९६८ रोजीं सुप्रीम कोर्टानें आर्कान्सासचा कायदा रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति एब फॉर्टस हे टेनेसींतल्या मेम्फिसचे. डेटनच्या खटल्याच्या वेळीं ते पंधरा वर्षांचे होते. सरकारनें कोणत्याही धर्माची स्थापना करूं नये हें घटनेंतील बंधन संस्थानांनाही लागू आहे असें १९४७ सालीं ठरलें होतें. १९२५ मध्यें डॅरो यांच्या हातीं तें शस्त्रच नव्हतें. यानंतर निर्मितिवाद्यांनीं बंदी सोडून समान वेळेची मागणी केली. आर्कान्सासचा तसा कायदा जानेवारी १९८२ मध्यें न्यायाधीश ओव्हर्टन यांनीं मोडला, व लुइझियानाचा १९ जून १९८७ रोजीं सुप्रीम कोर्टानें, सात विरुद्ध दोन मतांनीं.

यापुढची गोष्ट संशोधकांच्या विशेष आवडीची आहे. २००४ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील डोव्हर गांवच्या शाळामंडळानें ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हा पर्याय विद्यार्थ्यांना सांगावा असा ठराव केला व ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाकडे बोट दाखविलें. हें धर्मनिरपेक्ष शास्त्र आहे, निर्मितिवादाशीं याचा संबंध नाहीं, हा त्यांचा बचाव. पालकांच्या वकिलांनीं प्रकाशकांकडून त्या पुस्तकाचे जुने मसुदे समन्स काढून मिळविले, आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनीं ते एकापुढें एक ठेवून पाठभेद दाखविले. १९८७ च्या निकालापूर्वीं जेथें ‘निर्मिति’ होती तेथें निकालानंतर ‘बुद्धिपुरस्सर रचना’ आली. सुमारें दीडशें जागीं. व्याख्या मात्र तीच. एका मसुद्यांत तर ‘क्रिएशनिस्ट्स’ हा शब्द खोडून ‘डिझाइन प्रपोनंट्स’ घालणाराचा हात चुकला, आणि जुन्याचें मुंडकें व शेपूट नव्याला चिकटून ‘सीडिझाइन प्रपोनंट्सिस्ट्स’ असा कोणत्याही भाषेंत नसलेला शब्द तयार झाला. बनावट सनदेंत शिक्का किंवा सनावळी जशी दगा देते तसा हा प्रकार. न्यायाधीश जॉन जोन्स यांनीं २० डिसेंबर २००५ रोजीं १३९ पानांचा निकाल दिला, त्यांत या फेरफाराला मोठें वजन दिलें व मंडळाचा ठराव घटनाबाह्य ठरविला. डेटन येथें जोनाच्या माशानें जें साधलें नाहीं तें येथें मसुद्यांच्या ताडणीनें साधलें. आणि या खटल्यावर अजून कोणी तसें गाजलेलें नाटक लिहिलें नाहीं याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

राहतां राहिली चित्रपटाची एक गोष्ट. १९६० च्या जुलै महिन्यांत, खटल्याच्या निकालाच्या पस्तिसाव्या स्मरणदिनास धरून, तो डेटन गांवींच दाखविण्यांत आला. साठीला टेकलेला स्कोप्स, जो मध्यंतरीं भूगर्भशास्त्र शिकून तेलाच्या व नैसर्गिक वायूच्या धंद्यांत गेला होता, त्या प्रसंगास मुद्दाम आला होता, आणि गांवानें त्याचा सत्कार केला. ज्या कायद्याखालीं त्याला दंड झाला होता तो त्या दिवशीं टेनेसींत जारी होता. तो रद्द झाला १९६७ च्या मे महिन्यांत.